फोटोतील होडी कोणाची?

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

इतिहासाच्या तासाला सरांनी फळ्यावर साधनांची यादी लिहिली : शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रे, दप्तरे, नाणी. मग जरा थांबून फळ्याच्या तळाशी जी थोडी जागा उरली होती तिथे 'छायाचित्रे' असा आणखी एक शब्द लिहिला, आणि आम्हा प्रत्येकाला एकेक साधन वाटून देऊन त्यावर प्रकल्प करून आणावयास सांगितले. ज्यांच्या वाट्याला बखरी आल्या ते खूश झाले; बखरींवर ग्रंथालयात आयती पुस्तके आहेत. माझ्या वाट्याला तो फळ्याच्या तळाचा शब्द आला.

विषय कोणता घेतोस, असे सरांनी विचारले तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितले, की होड्यांशिवाय मला दुसरे फारसे काही कळत नाही. आमचे घर खाडीच्या काठावर आहे. आजोबा मासेमारी करीत. वडील होड्यांच्या सुताराच्या हाताखाली शिकले आणि लाकडाचे काम संपले तसे फायबरच्या होड्या दुरुस्त करू लागले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सर म्हणाले, "मग होड्यांचेच फोटो घे. पण आधी जिथे कागदपत्रे नीट राखली आहेत तिथे जाऊन पद्धत शीक, आणि मग घरी ये." त्यांनी मला चक्क अमेरिकेत पाठविले, म्हणजे ग्रंथालयातील संगणकापुढे बसविले.

तर मित्रहो, प्रथम अमेरिकेची गोष्ट. मिशिगन राज्यात सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचे गाव आहे. १८६१ साली जन्मलेला ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ हा तेथला. तेराव्या वर्षी, १८७४ साली, भावाच्या मदतीने त्याने पहिली होडी बांधली असे सांगतात. पुढे तो शर्यतीच्या वेगवान बोटी बांधू लागला. 'मिस अमेरिका' ही त्याच्याच कारखान्यातील बोट घेऊन गार वुड या धनिकाने १९२० साली इंग्लंडात जाऊन हार्म्सवर्थ करंडक जिंकला. पण शर्यतीची बोट ही एकाच गिऱ्हाइकासाठी, त्याच्या लहरीप्रमाणे बांधावी लागे. १९२२ साली स्मिथ आणि त्याच्या मुलांनी नवी कंपनी काढली आणि ठरविले, की मोटारी जशा एका साच्याच्या निघतात तशा बोटीही काढावयाच्या. पहिल्या महायुद्धानंतर कर्टिस कंपनीची विमानांची इंजिने शिल्लक पडून स्वस्तात मिळत होती. ती त्यांनी सव्वीस फुटी महोगनीच्या बोटींत बसविली. या बोटींना नाव मिळाले 'ख्रिस-क्राफ्ट'.

आता बोटी साच्याच्या झाल्या म्हणजे त्या विकावयास दुकाने हवीत. मोटारींच्या विक्रेत्यांप्रमाणेच गावोगावी, सरोवरांच्या काठी बोटींचे विक्रेते नेमले गेले. ह्युरॉन सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर हेसेल नावाचे छोटे गाव आहे. तेथील मर्टॉ यांचे दुकान १९२० च्या दशकात ख्रिस-क्राफ्टचे विक्रेते झाले, आणि कंपनीचे पहिले विक्रेते म्हणून त्याचा उल्लेख करतात. अशा दुकानांचे फोटो हाच माझा विषय.

दुकानदार फोटो का काढून घेई? माल आला की दाखविण्यासाठी. रेल्वेच्या उघड्या वाघिणीतून नव्या बोटी उतरत आहेत, बोट लाकडी घोडीवर चढवून दारात ठेवली आहे, मागे दुकानाची पाटी, पुढे कोट घातलेला मालक. हा फोटो गावच्या वर्तमानपत्रात छापून येई, कंपनीकडे जाई आणि एक प्रत दुकानाच्या भिंतीवर लागे. यात कला वगैरे काही नव्हते. गावातल्या स्टुडिओवाल्याला बोलावले, त्याने काढला, पैसे घेतले आणि गेला. कंपनीच्या माहितीपुस्तकातील फोटो निराळे असत. ते नामांकित छायाचित्रकारांकडून काढून घेत. त्यांपैकी न्यूयॉर्कच्या मॉरिस रोझेनफेल्ड यांच्या घराण्याचा सुमारे दहा लाख चित्रांचा संग्रह आज कनेटिकट राज्यातील मिस्टिक सीपोर्ट या संग्रहालयात आहे. ती चित्रे पाहून डोळे दिपतात. पण सरांनी मला एक गोष्ट बजावली : माहितीपुस्तकातील चित्रावर ब्रश फिरविलेला असू शकतो, बोट नमुन्याखातर बांधलेली असू शकते आणि तशी पितळी मूठ किंवा तशी काच विकलेल्या बोटीला कधीच लागलेली नसते. दुकानदाराच्या फोटोत मात्र जी बोट आहे ती खरोखर त्या गावात आलेली बोट असते. दिसायला ओबडधोबड; पण साक्षीदार म्हणून भरवशाचा.

मी निवडलेला फोटो असा : सरोवराकाठचे लाकडी दुकान, दारात घोडीवर एक लांब रनअबाउट बोट, शेजारी तिघे पुरुष, मागे अर्धी दिसणारी मोटार. खाली कोणीतरी पुढे कधी टंकलिखित करून चिकटविले होते : दुरुस्तीचे काम, १९३७. मी तेच उतरवून घेतले, वर थोडे वर्णन केले आणि चार पानांचा प्रकल्प तयार केला. मला वाटले, झाले.

प्रकल्प रात्री घरी पाहात बसलो होतो. वडील जेवून बाहेर ओटीवर आले आणि माझ्या खांद्यावरून पाहू लागले. त्यांना इंग्रजी येत नाही, अमेरिका कोठे आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. पण त्यांनी चित्र हातात घेतले, दिव्याखाली तिरके धरले आणि म्हणाले, "ही दुरुस्तीला आलेली नाय. ही अजून पाण्यात गेलेली नाय."

"कशावरून, बाबा?"

"पाण्याची रेघ कुठं आहे? तळाचा रंग बघ, वरपासून खालपर्यंत एकच. होडी आठ दिवस पाण्यात ठेवली तरी रेघ उठते. आणि नाळेला बघ. धक्क्याला घासली नाय एकदाही."

त्यांनी आणखी विचारले, की या होडीच्या फळ्यांच्या फटींत कापूस का दिसत नाही. मी शोध घेतला तेव्हा कळले, की या बोटींच्या बाजूच्या फळ्यांच्या सांध्यांमागे आतून लांबच लांब पट्टी ठोकलेली असते, आणि तळाला फळ्यांचे दोन थर देऊन मध्ये कॅनव्हासचे कापड घालतात. वडिलांनी ते ऐकून मान हलविली. "म्हणजे आतली पट्टी कुजली की बाहेरून कळायचं नाय," एवढेच म्हणाले. पुढे वाचले तेव्हा दिसले, की जुन्या बोटी हौसेने दुरुस्त करणाऱ्या अमेरिकनांचे मुख्य दुखणे नेमके हेच आहे. तळ संपूर्ण नवा घातल्याशिवाय त्यांच्या बहुतेक बोटी पाण्यात उतरत नाहीत. महोगनीबद्दलही ते खोदून खोदून विचारीत होते. फळ्यांना जी 'फिलिपाइन महोगनी' वापरली जाई ती खरी महोगनी नव्हेच, वेगळ्याच झाडाचे लाकूड आहे, असे मी सांगितले तेव्हा त्यांना आनंद झालेला दिसला. व्यापारी सगळीकडचे सारखेच, असे काहीसे ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो आणि दुरुस्तीची गोष्ट चुकीची असल्याचे सांगितले. सर खुर्चीवर सरसावून बसले आणि म्हणाले, "मग १९३७ तरी बरोबर कशावरून?" तेव्हापासून खरे काम सुरू झाले. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट मोटारीची. फोटोत मोटार असली की तिच्या बनावटीवरून साल काढता येते, असे मला वाटे. पण मोटारीवरून एवढेच ठरते, की फोटो त्याच्या आधीचा नाही. मोटार दहा वर्षे जुनी असू शकते. (आमच्या गावात तर वीस वर्षे जुनी असते.) त्याहून मोटारीच्या क्रमांकाची पाटी चांगली, कारण त्या काळी अमेरिकेतील बहुतेक राज्ये दरवर्षी नवी पाटी देत आणि तीवर सालाचे आकडे असत. महायुद्धात पत्रा वाचविण्यासाठी कित्येक राज्यांनी जुनीच पाटी चालू ठेवून तीवर सालाची लहानशी चकती लावली, तेवढे सांभाळावे लागते. माझ्या फोटोतील पाटी भिंगातून पाहिली तर कोपऱ्यात ४१ असे पुसट आकडे दिसले.

दुसरी गोष्ट बोटीच्या अंगाची. माझ्या बोटीचा मागचा भाग पिंपाच्या पाठीसारखा गोल होता. एकोणीस फुटी कस्टम रनअबाउट या प्रकारात कंपनीने ही गोल पाठ १९३९ पासून १९४२ पर्यंत दिली. म्हणजे १९३७ गेलेच. लांबी कशी ठरवायची? मोटारीच्या दोन चाकांतील अंतर त्या मोटारीच्या कागदपत्रांत मिळते. त्याच्याशी बोट ताडून पाहावयाची. मात्र बोट तिरकी उभी असेल तर ती आखूड दिसते, आणि या खड्ड्यात मी एकदा पडलोच. माझी बोट पहिल्या हिशेबात पंधरा फुटांची भरली होती.

युद्ध हीसुद्धा एक खूणच आहे. १९४२ च्या आरंभी कंपनीने हौशी बोटी बांधणे थांबवून सैन्याला किनाऱ्यावर उतरविण्याच्या बोटी बांधावयास घेतल्या. म्हणून १९४३ ते १९४५ या सालांतील दुकानाच्या फोटोत कोरी करकरीत बोट जवळजवळ दिसावयाचीच नाही. युद्धानंतर चांगली महोगनी मिळेना, तेव्हा काही बोटी सीडरच्या करून वर रंग फासला. रंग दिलेली अशी छोटी बोट दिसली की ती १९४६ नंतरची असण्याचा संभव फार. बोटीच्या नाळेवरचा क्रमांकही असाच बोलतो. १९१८ च्या कायद्याने मोटारबोटींना केंद्र सरकारचे क्रमांक मिळत. १९५८ च्या कायद्यानंतर हे काम राज्यांकडे गेले आणि क्रमांकाच्या आरंभी राज्याची दोन अक्षरे आली. आणि मुळात क्रमांकच नसेल तर? तर बोट बहुधा अजून विकली गेलेली नाही. माझ्या बोटीला क्रमांक नव्हता. वडील म्हणाले तेच.

काच उलटी धरून छापलेले फोटोही सापडतात. पाटीवरची अक्षरे उलटी दिसली तर लगेच कळते. अक्षरे नसतील तर पुरुषांच्या कोटाचा वरचा खिसा पाहावा. तो डाव्या छातीवर असतो. उजवीकडे दिसला की चित्र उलटे आहे. ही युक्ती सरांनी सांगितली आणि त्यानंतर आठवडाभर मी वर्गात सगळ्यांचे खिसे पाहात होतो.

पण फोटोवरून फार तर प्रकार आणि साल कळते. ही नेमकी कोणती बोट, हे कळत नाही. प्रत्येक बोटीचा स्वतःचा क्रमांक लाकडात आतल्या बाजूला ठोकलेला असतो, तो फोटोत दिसणे शक्य नाही. येथे दुसरे साधन मदतीला येते. कंपनी कारखान्यात प्रत्येक बोटीचे एक कार्ड ठेवी : बोटीचा क्रमांक, प्रकार, इंजिनाचा क्रमांक, कोणत्या तारखेला रवाना केली आणि कोणत्या विक्रेत्याकडे. स्मिथ कुटुंबाने १९६० साली कंपनी विकली, १९७० च्या दशकाच्या आरंभी तिच्या लाकडी बोटी बंद होऊन सगळे फायबरचे झाले; पण ही कार्डे वाचली. व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे मरिनर्स म्युझियममध्ये ती कंपनीच्या इतर कागदांसह आहेत. आज अशी बोट विकत घेणारा मनुष्य आपल्या बोटीचा क्रमांक कळवून तिच्या कार्डाची प्रत मागवितो. कार्डावर विक्रेत्याचे नाव, फोटोत विक्रेत्याची पाटी. दोन्ही जुळली, त्या साली त्या दुकानात त्या प्रकारची एकच बोट गेली असे दिसले, म्हणजे फोटोतील बोटीला नाव मिळाले. दोन किंवा तीन गेल्या असतील तर मग बैठकीचा रंग, इंजिन, आणि शेवटी लाकडाच्या रेषा. फळीवरच्या रेषा माणसाच्या अंगठ्यासारख्या असतात. फळी बदलली नसेल तर ऐंशी वर्षांनीही जुळतात. ही रेषांची गोष्ट मी वाचून वडिलांना सांगावयास गेलो, तर त्यांनी आपण लहानपणी चोरीला गेलेले वल्हे असेच ओळखून परत आणले होते ती हकिगत ऐकविली.

हा छंद अमेरिकेत आता पुष्कळ वाढला आहे. जुन्या बोटींची मोठी संस्था तिथे १९७५ साली निघाली. १९८१ च्या 'ऑन गोल्डन पाँड' या चित्रपटात ख्रिस-क्राफ्टची बावीस फुटी बोट दिसली, आणि अडगळीत पडलेल्या बोटी लोकांनी ताडपत्रीखालून बाहेर काढल्या असे म्हणतात. हेसेलला दर ऑगस्टमध्ये लाकडी बोटींची जत्रा भरते. असो.

सरांनी मला 'घरी ये' असे सांगितले होते. आमच्या घरी एकच जुना फोटो आहे. नारळी पौर्णिमेचा दिवस, आजोबा डोक्याला फेटा बांधून नारळ हातात घेऊन होडीच्या नाळेशी उभे आहेत. लहानपणापासून आम्हाला हा फोटो 'आपली होडी' म्हणून दाखविलेला. आजोबा आता नाहीत. आजी दर नारळी पौर्णिमेला त्याला हार घालते. होडी कर्जात गेली, आणि ती गेली त्या वर्षी वडील बारा वर्षांचे होते व त्यांची शाळा सुटली, हेही आम्हाला ठाऊक आहे. प्रकल्पाचा शेवट या फोटोने करावा म्हणून मी तो भिंतीवरून उतरविला.

चौकट उघडून मागे पाहिले. तालुक्याच्या स्टुडिओचा शिक्का होता, तारीख नव्हती. मग पत्र्याच्या पेटीतून होडीच्या कर्जाचा कागद काढला. त्यावर होडीचा क्रमांक होता, आणि होडी विकून कर्ज फिटल्याची १९९१ सालची नोंद होती. भिंग घेऊन फोटोतील नाळेवरचा क्रमांक वाचला. शेवटचे दोन आकडे जुळेनात. मला वाटले, रंग उडाला असेल. मग मागची भिंत पाहिली. भिंतीवर पल्स पोलिओच्या थेंबांची जाहिरात रंगविलेली होती. ती मोहीम आपल्या देशात १९९५ साली सुरू झाली. मोटारीचाच नियम : फोटो त्याच्या आधीचा असू शकत नाही. तेव्हा आमची होडी जाऊन निदान चार वर्षे झालेली होती.

त्या रात्री मी प्रकल्प लिहिला नाही. अमेरिकेतल्या दुकानाचे साल चुकले तर चार ओळी खोडायच्या; हे खोडायचे कसे? दोन दिवसांनी वडिलांपुढे फोटो आणि कागद दोन्ही ठेवले. त्यांनी कागदाकडे पाहिलेच नाही. "ही नाळ आपली नव्हे," म्हणाले. "आपली जरा आत वळलेली होती. मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

मग त्यांनी सांगितले. होडी गेल्यावर आजोबा शेजाऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून जात. नऊ वर्षे गेले. त्या पौर्णिमेला होडीच्या मालकाला ताप होता, म्हणून नारळ आजोबांच्या हाती दिला. फोटोवाल्याने विचारले, होडी तुमची का? आजोबा काहीच बोलले नाहीत.

"मी हे लिहू का?" मी विचारले.

वडील बराच वेळ खाडीकडे पाहात बसले. "लिही," म्हणाले. "सरांना खोटं कशाला द्यायचं? पण फोटो आहे तिथंच राहू दे."

आजीलाही मी विचारले. आडून आडून, की ही होडी कोणाची गं? तिने शेजाऱ्यांचे नाव घेतले आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. म्हणजे घरात न कळलेला मी एकटाच होतो.

संग्रहालयांत फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, काठाजवळ, हलक्या हाताने लिहितात, म्हणजे वळ पुढे उमटत नाही. मी तसेच लिहिले : "नारळी पौर्णिमा, साल १९९५ किंवा नंतर. नाळेशी आजोबा, त्या होडीवर नऊ वर्षे खलाशी. होडी शेजाऱ्यांची. आमची होडी १९९१ साली विकली. तिचा फोटो नाही." खाली आजची तारीख घातली. वडिलांनी चौकटीचे खिळे स्वतः ठोकले आणि फोटो पूर्वीच्या जागी लावून दिला.